वारस एकदाच ठरू द्या

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला एकाऐवजी चार नॉमिनी लावता येऊ लागले. तेव्हापासून सोलापुरात या विषयावर दोनच मतं ऐकू येतात. पार्क चौकातल्या सकाळच्या गप्पांत, निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. पहिलं मत असं, की बँका मेलेल्या माणसाच्या पैशावर बसून राहतात, विधवेला हेलपाटे घालायला लावतात, सरकारने चाप लावला ते बरंच झालं. दुसरं मत असं, की लोकच बेफिकीर आहेत. नॉमिनी लावायला कितीसा वेळ लागतो? मृत्युपत्राला एक कोरा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात, तेवढंही ज्याने केलं नाही त्याच्या घरच्यांनी मागाहून रडू नये. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात आणि शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: नॉमिनी लावा, म्हणजे सुटलात. बरीच वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मयत खात्यांचे अर्ज हाताळलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही जागाच चुकीची वाटते. माणूस गेल्यावर त्याचे वारस कोण, हा एकच प्रश्न आपण त्याच्या घरच्यांना दहा दारांत, दहा तऱ्हांनी, दर वेळी नवा स्टॅम्प घेऊन सिद्ध करायला लावतो. खरा छळ तो आहे. वारस एकदाच ठरले पाहिजेत, मृत्यूची नोंद होते त्याच ठिकाणी ठरले पाहिजेत, ते ठरवण्याची जबाबदारी शासनाने घेतली पाहिजे आणि बाकी सगळ्या दारांनी तो निर्णय मुकाट्याने मानला पाहिजे.

आधी नॉमिनीचा भ्रम. नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालय चाळीस वर्षं सांगत आलं आहे. डिसेंबर १९८३ मध्ये विम्याच्या सरबती देवी खटल्यात सांगितलं, २०१० मध्ये बँकेतल्या ठेवींबाबत सांगितलं, डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबत शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा सांगितलं. नॉमिनीने पैसे हाती घ्यायचे. ते कोणाचे, हे वारसा कायदा ठरवणार. बँकिंग नियमन कायद्याच्या ज्या कलमाने नॉमिनीची सोय झाली, ते कलम बँकेला मोकळं करतं. नॉमिनीला पैसे दिले की बँकेचं काम संपलं. घरातला हिशेब तिथून सुरू होतो. आता चार नावं आणि प्रत्येकापुढे टक्केवारी लिहिता येते म्हटल्यावर कितीतरी शहाणी माणसं निर्धास्त झाली आहेत: चौघांना २५-२५ टक्के लावले, भांडणच मिटलं! पण पाचव्या मुलीचा हक्क तिचं नाव फॉर्मवर नाही म्हणून बुडत नाही, आणि आईचाही नाही. हिंदू वारसा कायद्याने मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची आई त्याच्या बायकोइतकीच, मुलांइतकीच समान वाट्याची वारस असते. ही गोष्ट सांगितली की समोरची सून आणि सासू दोघीही सारख्याच चकित होतात. त्यातून विम्याच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर विम्याची रक्कम आता त्यांच्या मालकीची होते. म्हणजे एकाच माणसाने बायकोचं नाव विम्याच्या फॉर्मवर लिहिलं तर ती मालकीण, आणि बँकेच्या फॉर्मवर लिहिलं तर बाकीच्या वारसांची विश्वस्त. हा फरक किती घरांना माहीत असेल? किती बँक कर्मचाऱ्यांना माहीत असेल, हेही विचारायला हरकत नाही.

हे असंच असावं लागतं, असं कोणी म्हणेल तर त्याने विडी कामगार बाईच्या पीएफचा नियम पाहावा. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेत स्पष्ट तरतूद आहे. कुटुंब नसताना कोणाचंही नाव लावा. पण पुढे लग्न झालं, कुटुंब झालं, की ते जुनं नॉमिनेशन आपोआप रद्द. नवं भरलं नाही तरी जुन्याला किंमत नाही. सत्तर वर्षांपूर्वी नियम लिहिणाऱ्याला कळलं होतं की माणूस फॉर्म भरतो तो पंचविशीत आणि मरतो तो वेगळ्याच घरातून. बँक खात्याला हे शहाणपण लागू नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागताना पोराने पगाराचं खातं उघडलं, थोरल्या भावाचं नाव घातलं. पुढे लग्न झालं, लेकरं झाली, खातं तेच राहिलं. तो गेल्यावर भाऊ शाखेत येतो, ओळख पटवतो, पैसे घेतो. बँकेचं कुठेच चुकलेलं नाही. वहिनीला मात्र दिवाणी दाव्याची वाट दाखवली जाते. नॉमिनी 'लावलेल्या' घराची ही कथा आहे; बेफिकिरांची नव्हे.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या दाव्यांबाबत काढलेले निर्देश चांगले आहेत, हे पहिल्या मताच्या लोकांनी मनापासून मान्य करावं. नॉमिनी असेल किंवा 'मागे राहील तो' अशी अट असलेलं संयुक्त खातं असेल, तर रक्कम कितीही असो, न्यायालयाचा कागद मागायचा नाही. नॉमिनी नसेल तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत निकाल, उशीर झाला तर ठेवीवर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटपेक्षा ४ टक्के जास्त व्याज, लॉकरला दिवसाला ५,००० रुपये. काउंटरच्या आतल्या माणसाला 'साहेबांना विचारून सांगतो' या वाक्यामागे लपता येऊ नये, एवढं यात नक्की आहे. पण सगळी मेख 'कागद पूर्ण झाल्यापासून' या तीन शब्दांत आहे. ते १५ दिवस सुरू होण्याआधीचे महिने कोण मोजणार? आणि सोलापूरचा पैसा असतो तरी कुठे? पूर्व भागात फिरून विचारा. दिवसाची पिग्मी पतसंस्थेत जाते, मुलीच्या लग्नाची ठेव पतसंस्थेत असते. पतसंस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली चालतात, रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश त्यांना लागू नाहीत, ठेवीवरचं ५ लाखांचं विमा संरक्षणसुद्धा नाही. तिथे मयताच्या ठेवीचं काय करायचं ते संस्थेचे उपविधी, मॅनेजरचा स्वभाव आणि संचालकाची ओळख या क्रमाने ठरतं. कधी उलट्या क्रमाने.

आता एक घर डोळ्यांपुढे आणा. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहणारा यंत्रमाग कामगार, बायको विड्या वळते, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, एक मुलगा भिवंडीला. माणूस सिव्हिल हॉस्पिटलमध्ये वारला. मागे काय राहिलं? एका सरकारी बँकेत खातं, एका पतसंस्थेत पिग्मी, पोस्टात आरडी, पीएफ, एक दुचाकी, अक्कलकोट तालुक्यातल्या गावी सामाईक जमिनीत वाटा. शिवाय खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जात होते, म्हणजे २ लाखांचा जीवनज्योती विमाही होता. तो असल्याचं घरात बहुधा कोणालाच ठाऊक नसतं, आणि बँक आपणहून सांगेल याची खात्री नसते. या प्रत्येक ठिकाणी बाई मृत्यूचा दाखला घेऊन जाते आणि प्रत्येक ठिकाणी तिला विचारलं जातं: वारस कोण कोण, आणि कशावरून? बँकेला वारसांचं निवेदन आणि हमीपत्र हवं. पतसंस्थेला नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र हवं. आरटीओचा फॉर्म वेगळा, पीएफचा वेगळा, तलाठ्याचा वेगळा. एक ठिकाणी नगरसेवकाच्या लेटरहेडवरचं पत्र चालतं, दुसऱ्या ठिकाणी त्याला हसतात. आणि २०२२ नंतर बराच काळ महापालिकेत प्रशासकच होता, नगरसेवक आणायचा कुठून? रक्कम मोठी असेल किंवा कोणी हरकत घेतली, तर न्यायालय. तिथेही ठेवी आणि रोख्यांसाठी १९२५ च्या कायद्याखालचं सक्सेशन सर्टिफिकेट, आणि घर-जमिनीसाठी मागतात तो १८२७ च्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला. मरण एक, न्यायालयाचे कागद दोन.

त्यात नावांचा घोळ. सोलापूरइतका तो महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शहरात असेल असं मला वाटत नाही. तेलुगू घरात घराण्याचं नाव आधी आणि स्वतःचं नंतर, मराठी शाळेत तेच उलटं लिहिलेलं, कन्नड घरात आडनावाच्या जागी कधी गावाचं नाव, मुस्लिम बाईच्या नावापुढे एका कागदावर 'बी' आणि दुसऱ्यावर 'बेगम'. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ऑपरेटरच्या कानाप्रमाणे. आधारवर एक, पासबुकावर दुसरं, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं. मग 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, आणि ऑक्टोबर २०२४ पासून शंभरऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प. हजार विड्या वळल्यावर जी मजुरी हातात पडते ती पाहिली, की हा स्टॅम्प म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. प्रत्येक फेरीला तिचा रोजही बुडतो. अशा वेळी शेजारी सल्ला देतात, 'बँकेला सांगायच्या आधी एटीएमने काढून घ्या.' कायद्याने ते चूक आहे. खातेदार गेला की त्याच्या कार्डाचा अधिकारही संपतो, आणि पुढे दुसऱ्या वारसाने तक्रार केली तर काढणारा अडचणीत येतो. तरी लोक ते करतात, कारण सरळ वाट किती लांब आहे हे त्यांनी शेजारच्या घरात पाहिलेलं असतं.

इथे बँकेची बाजू ऐकून घेतली पाहिजे, आणि ती लंगडी नाही. बँकेतला पैसा बँकेचा नसतो. समोर बसलेली बाई खरोखर एकटीच पत्नी आहे, की गुलबर्ग्याला दुसरा संसार आहे, हे काउंटरवरच्या कारकुनाला कळायला मार्ग नाही. पहिल्या बायकोची मुलं पैसे वाटून झाल्यावर उगवतात, हेही घडतं. चुकीच्या माणसाला पैसे गेले तर चौकशी कारकुनाची होते, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेला अधिकारी अशा फाइलवर सही करताना चार कागद जास्त मागतो, याचा मला कधी राग आला नाही. शिवाय वारसा कायदा एक नाही. साखर पेठेत एका भिंतीला लागून असलेल्या दोन घरांत दोन कायदे लागू असतात. एका घरात मुलगी भावाइतकाच वाटा घेते, दुसऱ्यात मुस्लिम कायद्याने त्याच्या निम्मा. एका घरात विधवेचा वाटा मुलांइतका, दुसऱ्यात मुलं असतील तर एक अष्टमांश. हे सगळं दहावी-बारावीनंतर भरती झालेल्या कॅशियरने ठरवावं, अशी अपेक्षा तरी कशी धरायची?

पण नेमकं म्हणूनच ते त्याच्यावर सोपवता कामा नये. बँकेची अडचण खरी आहे, आणि आजची पद्धत ती सोडवत नाही. ती अडचण उचलून त्या बाईच्या डोक्यावर ठेवते. हमीपत्र म्हणजे दुसरं काय? 'उद्या कोणी आलं तर आम्ही भरून देऊ', असं ज्यांच्याकडे भरून द्यायला काही नाही त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. कागदोपत्री बँक सुरक्षित. त्या कागदाने गुलबर्ग्याचा संसार शोधला जातो का? कुटुंबाला ओळखणाऱ्या पण कुटुंबाबाहेरच्या एका माणसाने 'हेच वारस' असं लिहून दिलं की छोट्या रकमेला ते चालतं. तो माणूस बहुतेक वेळा अर्जदारानेच रिक्षातून आणलेला असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो स्त्रियांच्या बाजूने घेतला जातो: सोपं केलंत तर भाऊ बहिणींना वगळून पैसे उचलतील, आज निदान प्रत्येक वारसाची सही लागते. ही सही काय असते ते मी पाहिलेलं आहे. जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांच्याकडून बँक ना-हरकत पत्र घेते, 'माझा दावा नाही' असं. फॉर्म छापीलच असतो. भाऊ म्हणतो, 'ताई, इथे सही कर, बँकेची फॉर्मॅलिटी आहे,' आणि ताई करते, कारण दिवाळीला माहेरी यायचं असतं. ना तिला कोणी विचारतं की तुझा वाटा किती होतो हे माहीत आहे का, ना कुठल्या नोंदीत ती कधी हक्कदार म्हणून दिसते. तिचा हक्क आधी लिहिला जातो आणि मग सोडला जातो, असं होतच नाही. तो न लिहिताच सुटतो. आता जमिनीकडे पाहा. तिथे आधी फेरफाराने सगळ्या वारसांची नावं सातबाऱ्यावर येतात, बहिणींचीही. मग बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागतं. तिथेही बहिणी गाळल्या जातात, तिथेही 'भावासाठी' सह्या होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गाळलं तर ते फेरफारात दिसतं, त्यावर अपील करता येतं, आणि सोडलं तर काय सोडलं हे तिला एकदा तरी वाचून दाखवलं जातं. ज्या महसूल खात्याला आपण सकाळ-संध्याकाळ शिव्या देतो, त्या खात्याचा क्रम बँकेच्या क्रमापेक्षा न्याय्य आहे. बहिणींची काळजी खरी असेल तर आधी सगळ्यांची नावं, मग ज्याला सोडायचं त्याने सोडावं, हा नियम ठेवींनाही लावा. त्यासाठी वारसांची यादी पैशांच्या आधी आणि पैशांपासून वेगळी तयार झाली पाहिजे.

पुरावा मागणारा आणि पुरावा देणारा यांच्यातला हा सामना महाराष्ट्राला नवा नाही. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला जोर आला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या इनाम खाणाऱ्या घराण्यांना सांगण्यात आलं की सनद दाखवा. वाळवीने खाल्ली, आगीत गेली, पेंढाऱ्यांच्या धामधुमीत हरवली, असली कारणं चालली नाहीत. गावाला माहीत होतं, शेजाऱ्याला माहीत होतं, पण कागद नव्हता, म्हणून इनामं खालसा झाली. इनामदार काही विडी कामगार नव्हते, त्यांच्यासाठी मी गहिवरत नाही. सांगायचं एवढंच की ज्याच्याकडे दप्तर आहे तो जेव्हा ज्याच्याकडे दप्तर नाही त्याच्यावर पुराव्याचा भार टाकतो, तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. आज जन्माची, मृत्यूची, लग्नाची, शाळेची, रेशनची, आधारची नोंद शासनाच्या दप्तरात आहे. ती जुळवून वारसांची यादी करणं त्याला सोपं आहे की शाळेची पायरी न चढलेल्या बाईला?

आणखी एक गंमत. वारस दाखल्याचं ते १८२७ चं रेग्युलेशन मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळातलं, एकाच वेळी केलेल्या मोठ्या संहितेतलं. त्याची सुरुवातच अशी आहे की वारसाने मालमत्तेचा कारभार हाती घ्यायला आधी न्यायालयात येण्याची गरज नाही; ज्याला मान्यतेचा कागद हवासा वाटेल त्याने अर्ज करावा, न्यायालय नोटीस लावून, हरकती ऐकून तो देईल. परक्या कंपनी सरकारने वारसाला आधी वारस धरलं होतं आणि दाखला त्याच्या सोयीवर सोडला होता. दोनशे वर्षांनी आपण तोच दाखला सक्तीचा करून बसलो आहोत, आणि कायद्यात कुठेही ती सक्ती लिहिलेली नाही. ती काउंटरवर जन्माला आली.

मग करायचं काय? १ एप्रिल २०२५ पासून महसूल विभागाने राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली. गावात चावडीवाचन करायचं, सातबाऱ्यावरच्या मयत खातेदारांची यादी काढायची, वारसांकडून कागद घ्यायचे, स्थानिक चौकशी करायची आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर करायचा. वर्षानुवर्षं मेलेल्या आजोबांच्या नावावर असलेले उतारे त्यात जिवंत माणसांच्या नावावर आले. मोहिमेत घिसाडघाई झाली असेल, काही ठिकाणी वादही झाले असतील. पण एक गोष्ट त्यातून उघड झाली: वारस शोधायला शासन घराकडे जाऊ शकतं. जमिनीच्या बाबतीत जे जमतं ते ठेवींच्या बाबतीत का जमू नये? शेतकऱ्याच्या वारसासाठी चावडी आहे. यंत्रमाग कामगाराच्या वारसासाठी महापालिकेचं झोन कार्यालय असायला काय हरकत आहे? मृत्यूची नोंद २१ दिवसांत तिथेच होते. तिथेच घरच्यांनी वारसांची नावं द्यायची, शासनाने ती रेशन कार्ड, आधार, शाळेचे दाखले यांच्याशी ताडून पाहायची, नावातले फरक तिथेच एकदा मिटवायचे, यादी पंधरा दिवस उघडी लावायची, लग्न होऊन गेलेल्या मुलींना वेगळी नोटीस द्यायची, आणि कोणी हरकत घेतली नाही तर दाखला द्यायचा. हरकत आली की प्रकरण न्यायालयात, आजच्यासारखंच. पण बहुसंख्य घरांत वाद नसतोच. ती घरं वाद असलेल्या घरांची शिक्षा भोगतात. कर्नाटकात नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, मयताच्या हयात कुटुंबीयांचा दाखला मिळतो, तेलंगणात तहसीलदार कुटुंबाचा दाखला देतो. सोलापूरच्या निम्म्या पूर्व भागाचे नातेवाईक त्या दोन राज्यांत आहेत आणि तिकडून इकडे लग्नाला आले की विचारतात, 'तुमच्याकडे एवढ्यासाठी कोर्ट लागतं?' तो दाखला तिकडेही शेवटचा शब्द नसतो. पण बाईच्या हातात पहिल्या दिवशी काहीतरी असतं.

यावर जो टोमणा येतो तो मला पाठ आहे: म्हणजे आणखी एका टेबलावर पैसे मोजायचे! खरं आहे, मोजावे लागण्याची भीती आहे. आजही मोजले जातातच; फरक एवढाच की ते दहा टेबलांवर विभागलेले असल्याने कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. एजंट, नोटरी, टायपिंगवाला, 'ओळखीचा माणूस', प्रत्येक फेरीचे रिक्षाचे पैसे. एकच टेबल असलं तर त्याला मुदत लावता येते, लोकसेवा हक्क कायद्याखाली आणता येतं, त्याची तक्रार करता येते. दहा टेबलांची तक्रार कोणाकडे करायची?

मृत्युपत्राचा आग्रह धरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ज्याच्याकडे दोन घरं आहेत त्याने ते करावंच, आणि सोलापुरात त्याला प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्तीही कधी नव्हती; ती २०२५ पर्यंत मुंबईसारख्या शहरांची डोकेदुखी होती. पण ज्याच्या खात्यात ४० हजार आहेत त्याला मृत्युपत्राचा उपदेश करणं म्हणजे पाऊस पडल्यावर छत्री का नाही घेतलीस म्हणून झापणं. शिवाय मृत्युपत्रं कोणाला वगळण्यासाठी होतात हेही पाहून ठेवलेलं बरं. मुलीला जास्त मिळावं म्हणून केलेलं मृत्युपत्र माझ्या टेबलावर फार क्वचित आलं.

राहतो बँकेचा शेवटचा प्रश्न, आणि तो रास्त आहे: झोन कार्यालयाचा दाखला चुकला तर भरपाई कोण देणार? १९२५ च्या कायद्यात सक्सेशन सर्टिफिकेट पाहून प्रामाणिकपणे पैसे देणाऱ्याला पूर्ण संरक्षण आहे. तेच संरक्षण या दाखल्याला द्यावं लागेल, म्हणजे बँक, पतसंस्था, पीएफ कार्यालय सगळेच मोकळे. मग नुकसान वगळल्या गेलेल्या वारसाचं होईल. त्याने पैसे घेऊन गेलेल्यावर दावा लावावा, पण तो निकाल लागेपर्यंत त्याला वाऱ्यावर सोडायचं का? दहा वर्षं कोणी न विचारलेल्या ठेवी बँका २०१४ पासून रिझर्व्ह बँकेकडच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा करतात. मार्च २०२४ अखेर ही रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. त्यातला मोठा भाग अशाच घरांचा असणार, ज्यांनी दोन-तीन फेऱ्यांनंतर नाद सोडला किंवा ज्यांना खातं असल्याचंच माहीत नव्हतं. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून अशा ठेवी शोधता येतात, पण सापडल्यावर पुन्हा तेच: वारस कोण, कशावरून? या निधीच्या उत्पन्नातला लहानसा वाटा चुकलेल्या दाखल्यांच्या भरपाईसाठी बाजूला ठेवला तर कारकुनाची भीती जाईल आणि जादा मागितलेले चार कागदही जातील. दाखल्याला संरक्षण द्यायला कायदा करावा लागेल; निधीसाठी मात्र नवा कायदा नको. बँकिंग नियमन कायद्याच्या ज्या २६-ए कलमाने तो उभा राहिला, त्यात ठेवीदारांच्या हितासाठी आवश्यक अशा इतर कामांना पैसा वापरण्याची मुभा आधीच आहे. ती कामं कोणती हे रिझर्व्ह बँकेने ठरवायचं आहे.